हत्तिणीच्या पोटाखालून

मी बोलते फार. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. माझं माहेर इचलकरंजीचं, विणकराचं. घरात दोन हातमाग, शेजारच्या घरात तीन, आणि सगळ्यांची खटखट पहाटेपासून सुरू. त्या खटखटीत नुसतं मीठ मागायचं असलं तरी ओरडून मागावं लागे, आणि एकदा सांगून कुणाला ऐकू जात नसे म्हणून तीनदा सांगावं लागे. आम्ही पाच बहिणी अशाच वाढलो. चार बुकं शिकायला शाळेत गेले तेव्हा मास्तरीणबाईंनी पहिल्याच दिवशी मला शेवटच्या रांगेत बसवलं, कारण माझं हळू बोलणंसुद्धा तिथून फळ्यापर्यंत पोचत होतं.

लग्न होऊन कोल्हापुरात आले ती माहुताच्या घरात. महाराजांच्या राज्यातली गोष्ट. माझा नवरा सरकारी हत्तीखान्यात होता. त्याचा बाप तिथंच, आजाही तिथंच. हत्तीखान्याच्या भिंतीला लागून आम्हाला दोन खोल्या आणि पुढं बसाउठायला एक उघडा सोपा होता. नवरा दिवसभरात हत्तिणीशी पाच शब्द बोलायचा आणि माझ्याशी चार. सासूला कमी ऐकू यायचं नाही, पण ती ऐकून घेणाऱ्यांतली होती. तेव्हा घरातलं बाकीचं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलं, आणि मी ते काम मन लावून केलं.

नवऱ्याच्या ताब्यात एक म्हातारी, शांत हत्तीण होती. तिच्या पोटाखालून तान्हं मूल काढलं की त्याच्या मनातली भीती जाते, असं गावातले आणि आसपासच्या खेड्यांतले लोक मानायचे. झोपेत दचकणारं, अनोळखी माणूस दिसला की किंचाळणारं, ढग गडगडला की निळं पडणारं पोर घेऊन बायका मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. हिंदू यायच्या, आमच्या मुसलमानांतल्या यायच्या, भीतीला काही जात नसते. नारळ, गुळाचा खडा, एखादं उसाचं वाडं, म्हणजे हिरव्या शेंड्यांची पेंडी, असं हत्तिणीसाठी काहीतरी आणायच्या. हत्तीण उभी राहिली की नवरा तिच्या सोंडेला हात लावून फक्त "धत्" म्हणायचा. हलू नकोस, एवढाच त्याचा अर्थ. मग ती कानसुद्धा हलवायची नाही. आई एका बाजूला, आजी नाहीतर मावशी दुसऱ्या बाजूला, आणि मूल इकडून तिकडं द्यायचं, असं तीनदा. निम्मी पोरं त्यातून झोपेतच पार व्हायची. घाम फुटायचा तो आयांना.

हत्तीण पहाटे पंचगंगेवर अंघोळीला जायची आणि उन्हं वर यायला लागली की परत यायची. बायका मात्र आधीच येऊन माझ्या सोप्यावर बसायच्या. म्हणजे तास-दोन तास त्या माझ्याच होत्या. हत्तीण भीती काढायची, बाकीचं सगळं मी काढायची.

आणि काय काय असायचं! एका सोनाराच्या सुनेचं पोर रोज दिवेलागणीला पाय पोटाशी घेऊन रडायचं. त्याची चार घरी दृष्ट काढून झाली होती. मी तिला म्हटलं, बाई, दूध पाजलंस की लगेच आडवं घालू नकोस, खांद्यावर घे, पाठीवरून हात फिरव, ढेकर आला की मग खाली ठेव, आणि बेंबीभोवती हिंग कालवून लाव. पुढच्या शुक्रवारी ती हसत आली आणि माझ्यासाठी चुरमुऱ्याचे लाडू घेऊन आली. दुसरी एक बाळाला न्हाऊ घालताना पाण्यात बोट बुडवून बघायची. भाकरी थापणाऱ्या बाईच्या बोटाला कसली आलीय आच? कोपर बुडव म्हटलं, कोपराला कळेल ते बाळाला सोसेल. लंगोटाखाली लाल झालं तर दिवसातून थोडा वेळ उघडं ठेवा आणि खोबरेल लावा. दात येताना चिडचिडलं तर रागवू नका, तुमच्या हिरड्यांतून दगड वर आले असते तर तुम्ही गाव डोक्यावर घेतलं असतंत. जेवत नाही म्हणून वाटी घेऊन मागं धावू नका, आपण जेवायला बसा आणि त्याला शेजारी बसवा. आईच्या ताटातलं पळवून खाल्लेलं पोरांना जास्त गोड लागतं.

एकीनं मात्र सांगितलं की पोर निजावं म्हणून ती मोहरीएवढी अफूची गोळी देते, सगळ्याच देतात, त्याशिवाय शेतावर जाता येत नाही. त्या दिवशी मी खरंच भडकले. तसं निजवलेलं पोर निजत नाही, बेशुद्ध पडतं, एक दिवस उठायचं नाही, असं मी तिला इतक्या मोठ्यानं सांगितलं की आत बांधलेल्या दुसऱ्या हत्तीनं साखळी ओढली. ती बाई रडली. मीही रडले. पुढं तिनं गोळी सोडली, आणि पोराला झोळीत घालून बांधावर नेऊ लागली. हे एक काम मी आयुष्यात बरं केलं असं मला अजून वाटतं.

तर सांगायचं असं की अर्ध्या कोल्हापूरच्या पोरांचं मला कळत होतं. आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तसा माझा स्वतःचा मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नव्हता.

बाकी त्याच्यात काही उणं नव्हतं. वेळेवर पालथा पडला, वेळेवर रांगला. पांगुळगाडा करून आणला होता तो त्यानं आठ दिवसांत मोडला आणि तसाच चालायला लागला. सांगितलेलं सगळं कळायचं. पण तोंडातून अम्मा नाही, अब्बा नाही, काही नाही. बोट दाखवायचा. बोटसुद्धा पुरतं वर यावं लागायचं नाही, कारण तोवर मला कळलेलं असायचं. त्यानं माठाकडं बघितलं की मी म्हणायची, पाणी हवंय? तहान लागली व्हय माझ्या राजाला? माठातलं देऊ की तांब्यातलं? गार पाणी नको, कालच नाक वाहत होतं, थांब, थोडं कोमट करते, ये, बस, दोन्ही हातांनी धर, सांडू नको. एवढं होईस्तोवर तो पाणी पिऊन खेळायला गेलेला असायचा. मला वाटायचं, काय समजते मला माझ्या पोराच्या मनातलं!

सासू घाबरली होती. तिच्या धाकट्या दिराची गोष्ट मला लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी कळली. तो जन्माचा मुका होता. मोठा धडधाकट माणूस, हत्तींवर त्याची फार माया, पण जन्मभर हत्तीखान्यात वैरण कापली. हत्तीच्या मानेवर त्याला कुणी बसू दिलं नाही. कारण हत्ती अंकुशाला भितो, पण चालतो तो आवाजावर. मानेवरच्या माणसाचा आवाज त्याच्या कानात बसावा लागतो. मुक्या माणसाच्या हाती सरकार हत्ती देत नाही. माझ्या नवऱ्यामागं त्याची जागा आमच्या मुलाला मिळायची, आणि जागेबरोबर त्या दोन खोल्याही. हे सगळं सासू बोलून दाखवायची नाही. ती फक्त पोराच्या मागं जाऊन कानाशी टाळी वाजवायची. तो वळून बघायचा. "ऐकतंय तर," म्हणायची, आणि मग जरा वेळानं, "त्योबी ऐकायचा."

मला त्या टाळीची भीती बसली. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असायचा, पण रोट भाजायला एकटी बसले की ती टाळी आठवायची. हत्तीचे रोट मोठे, जाड, सावकाश भाजावे लागतात, तेवढा वेळ मला विचार करायला पुरायचा. उद्या हा सोळा वर्षांचा होईल, हातात विळा घेऊन वैरणीपाशी बसेल, आणि शेजारून दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा हत्तिणीवर बसून जाईल. एवढंच चित्र पुन्हा पुन्हा यायचं.

उपाय सुरू झाले. वेखंड उगाळून मधात कालवून जिभेला लावलं. पोरानं मध चाटला आणि वेखंड माझ्या पदराला पुसलं. सासूनं दर्ग्यातून दोरा आणला. शेजारी एक मराठ्याची म्हातारी म्हशी बाळगून होती, तिनं देवळातली घंटा धुतलेलं पाणी आणून पाजलं. घंटा वाजते तसं पोर वाजेल म्हणाली. कुणी सांगितलं, पोपटानं चोच मारलेला पेरू द्या. नवरा बिचारा दोन दिवस बागेत पेरू शोधत हिंडला आणि शेवटी वटवाघळानं खाल्लेला घेऊन आला. तो मी फेकून दिला आणि वटवाघळाचं उष्टं खाल्लं तर पोर उलटं टांगून घेईल, बोलणार नाही, हे त्याला बराच वेळ समजावून सांगितलं.

आणि अर्थात हत्तीण. लोकांची पोरं तीनदा काढायचो, माझा मी एकवीसदा काढला. त्याला तो खेळ वाटला. दुसऱ्या मंगळवारपासून तो स्वतःच इकडून जायचा, तिकडून यायचा, जाता जाता तिच्या पायावर थापट्या मारायचा. हत्तीण सोंडेनं त्याचं डोकं हुंगायची. भीती असती तर ती निघाली असती. पण त्याच्यात ती मुळात नव्हतीच.

सगळ्यात वाईट काय झालं असेल तर सोप्यावर बसणाऱ्या बायका मला उपदेश करायला लागल्या. ज्यांना मी ढेकर काढायला शिकवलं त्या! एक म्हणायची, आमच्या जावेचा पाचव्या वर्षी बोलला. दुसरी म्हणायची, जिभेखालचा दोरा बघा. तिसरी नुसती च्च च्च करायची आणि माझ्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं कुणी तोंडावर म्हटलं नाही, पण मला ऐकू यायचं. मग मी आणखी जोरात बोलायची.

त्याच दिवसांत एकदा जेवताना नवरा म्हणाला, "अगं, पोरगं..." मी म्हटलं, पोराचं मला सांगू नका, जिभेखालच्या दोऱ्याचं मी उद्याच वैद्याला विचारणार आहे, आणि तुम्ही त्याला नदीवर नेता तर कानात पाणी जाऊ देऊ नका, आणि आणखी एक गोष्ट. ती आणखी एक गोष्ट बरीच लांबली. नवरा भाकरी कुस्करून खाऊ लागला. नदीवर तो पोराला रोज न्यायचा. दोन वर्षांचा झाल्यापासून पोर पहाटे उठून दारात उभंच असायचं, हत्तिणीच्या मानेवर बापापुढं बसून जायचं. तेवढा वेळ मला सोप्यावरच्या बायकांकडं बघायला मोकळा मिळायचा, म्हणून माझी काही हरकत नव्हती.

एका शुक्रवारी गगनबावड्याच्या बाजूची एक शेतकरीण आली. अंगावर घोंगडी, पायाला चिखल. आदल्या दिवशी निघून वाटेत मुक्काम करून आली होती. तिचं धाकटं पोर बैलानं ढुसणी दिल्यापासून झोपेत ओरडायचं. ते तिचं पाचवं. बाई सोप्याच्या खांबाला टेकून गप्प बसली. मी तिला विचारायच्या आत बैल, झोप, सर्दी आणि नाचणीचं सत्त्व यांवर सगळं सांगून टाकलं. तिनं मान हलवली. त्या दिवशी हत्तीण लवकर परत आली होती, त्यामुळं माझा मुलगाही तिथंच होता. तो आला, त्यानं माझा पदर ओढला. मी म्हटलं, काय रे, भूक लागली? भाकरी देऊ? दूध संपलं बघ, म्हस आटलीय शेजारच्या आजीची, गूळभाकरी खा, आत आजीकडं माग. तो आत गेला.

त्या बाईनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाली, "बाई, राग धरू नगा. प्वारगं बोलाय तोंड उघडत हुतं. तुमीच त्येच्या आदी बोललासा."

राग धरू नका म्हटल्यावर कुणाला राग येत नाही? मी तिला बरंच ऐकवलं. पाच पोरं झाली म्हणून कुणी शहाणं होत नसतं, असंही बोलले. ती हसली, वादाला आली नाही. पोराला तीनदा पोटाखालून काढलं, हत्तिणीला गूळ दिला, घोंगडी डोक्यावर घेतली आणि निघून गेली. त्या दिवशी माझे दोन रोट करपले.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की बघू तर खरं, खोटं ठरवायला तरी बघू. पोर फळीवरच्या गुळाच्या डब्याकडं बघत उभं राहिलं. मी ओठ दातांत धरले. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. किती वेळ गेला असेल? मला तर मोहरम ते रमजान वाटला. एवढ्यात सासू म्हणाली, अगं, पोराला गूळ हवाय, कळत नाही का? झालं. मी सासूला सगळं समजावून सांगायला लागले, त्या गगनबावड्याच्या बाईपासून सुरुवात करून, आणि ते संपेपर्यंत पोर मुंग्यांची रांग बघायला अंगणात गेलं होतं. गूळ राहिला तो राहिला.

तेव्हा कळलं की घरात राहून हे जमायचं नाही. पुढचा मंगळवार होता. बायका येणार, सोपा भरणार, आणि भरलेल्या सोप्यात मी गप्प बसणार म्हणजे हत्तीनं उसाच्या फडात उपास करायचा. मी पहाटे उठले, नवरा आणि पोर गेले तसा मीही डोक्यावर पदर घेतला. सासूला खुणेनंच सांगितलं की नदीवर जाते, तू बायकांना बसव. मला हातवारे करताना तिनं कधी बघितलं नव्हतं. तिला वाटलं माझी दाढ दुखतेय. तिनं दोन लवंगा आणून माझ्या गालात कोंबल्या. तशीच, लवंगा दाढेखाली धरून, मी निघाले.

लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण हत्तिणीची अंघोळ मी कधी बघितली नव्हती. नदीवर थंडी होती, पाण्यावर धुकं होतं. परटांनी दोऱ्यांवर धुणी वाळत घातली होती. त्यातल्या एका मोठ्या चादरीमागं मी थांबले. पुढं उथळ पाण्यात हत्तीण कुशीवर पडली होती. नवरा तिच्या पाठीवर वीट घासत होता. पोर काठावरच्या दगडावर हातात काठी घेऊन बसलं होतं. आणि मी ऐकलं.

"बैठ."

बारीक, थोडा घोगरा आवाज. हत्तीण आधीच आडवी पडलेली होती, तरी तो तिला बस म्हणत होता, आणि ती बसलीच असल्यामुळं तो खूश होता.

मग म्हणाला, "कान." नवऱ्यानं कान उचलून मागून घासला. "दुसला कान." दोन शब्द. मी चादर घट्ट धरली. नवऱ्यानं एकदा त्याच्याकडं बघून मान डोलावली आणि घासायला लागला, जणू हे रोजचंच होतं. पोर हत्तिणीला सांगू लागलं, "अम्मा लोट कलत्या." थांबलं. हत्तिणीनं डोळा मिचकावला. "लई लोट कलत्या. तुला देतू." पुन्हा थांबलं. हत्तिणीनं सोंडेनं थोडं पाणी उडवलं. त्याला ते उत्तर पटलं असावं, कारण तो मोठ्यानं हसला आणि पुढं सांगायला लागला. मुंग्यांचं सांगितलं. आजी टाळी वाजवते ते सांगितलं. प्रत्येक वाक्यानंतर तो थांबायचा आणि ती कान हलवीपर्यंत वाट बघायचा.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. पळत जावं, त्याला उचलावं, मुके घ्यावेत, बोल माझ्या राजा, अम्मा म्हण, असं म्हणावं, एका वेळी वीस वाक्यं घशात आली. दाढेखालची लवंग मी कचकन चावली. जिभेला आग लागली, ती बरीच झाली. हत्तिणीची एक कूस घासून होऊन ती दुसऱ्या कुशीवर वळेपर्यंत मी तशीच उभी राहिले. एवढा वेळ गप्प मी त्याआधी फक्त झोपेत राहिले असेन.

मग वारा आला, चादर उडाली, आणि पोरानं मला बघितलं. त्याचं तोंड मिटलं. वाक्य अर्धंच होतं, तसंच मिटलं. रागानं नाही, भीतीनं नाही. अम्मा आली, आता ती बोलणार, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं. मला आजवर कुणी इतकं लागेल असं बोललेलं नाही.

नवरा कमरेपर्यंत भिजलेला वर आला. मी हळू विचारलं, "कधीपास्नं?"

"झालं की दोन म्हैनं."

"मग सांगितलं का न्हाई? हितं जीव टांगणीला लागलाय आमचा."

त्यानं वीट हातातल्या हातात फिरवली. त्याला खोटं बोलता यायचं नाही आणि टोमणा मारता यायचा नाही, हे त्याचं सगळ्यात मोठं दुखणं. म्हणाला, "सांगाय आलतो की. दोनदा आलतो. तू बोलत हुतीस."

माझ्याकडं उत्तर तयार होतं. माझ्याकडं उत्तर तयार नव्हतं असं कधी झालं नव्हतं. पण तो उत्तरासाठी थांबलाच नाही, पाण्यात परत गेला, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की बरं झालं.

मी पोराच्या दगडापासून थोड्या अंतरावर बसले, पाय पाण्यात सोडले. पोर उभं राहून माझ्या तोंडाकडं बघत होतं. मी नदीकडं बघत राहिले. लवंगेनं तोंड बधिर झालं होतं, त्याची मदत झाली. हत्तीण उठली, तिनं अंग झटकलं, आम्हा दोघांवर पाणी आलं. एरवी मी काय काय म्हटलं असतं! पोरानं पटकन माझ्याकडं बघितलं. मी गप्प. तो एक पाऊल जवळ आला. मग आणखी एक. माझ्या गुडघ्यावर त्यानं हात ठेवला, आणि अगदी जवळ येऊन पुन्हा माझ्या तोंडाकडं बघितलं, आत काही शिल्लक आहे का ते तपासावं तसं.

"अम्मा," तो म्हणाला, "हत्तीन निजली व्हती."

आणि थांबला. हत्तिणीसाठी थांबायचा तसाच.

मला त्याला सांगायचं होतं की बघितलं रे मी, सगळं बघितलं, आणि अम्मा म्हणालास, पुन्हा म्हण, आणि आजीला सांगू या, आणि तुझे पाय गार पडलेत. यातलं काहीही सांगितलं नाही. मी फक्त म्हटलं, "मग?"

मग त्यानं सांगितलं. ती निजली, मग तिच्या कानात पाणी गेलं, मग अब्बानं वीट घासली, मग तिला गुदगुल्या झाल्या. तो थांबला की मी म्हणायची, मग? आणि तो पुढं सांगायचा. धुकं गेलं, परटांनी वाळलेली धुणी काढून घेतली. नवरा हत्तिणीला घेऊन काठावर उभा राहिला आणि त्यानं चला म्हटलं नाही. त्या मंगळवारी पोटाखालून काढायला आणलेल्या सगळ्या पोरांना माझ्या सोप्यावर दुपारपर्यंत ताटकळावं लागलं, कारण माहुताचा मुलगा नदीवर आईला काहीतरी सांगत होता.